भीतीचा वारसा

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर ही वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ती उभारण्यात आली. आरंभी हा परिसर विनयनगर या नावाने ओळखला जात असे. पुढे सरोजिनी नायडू यांचे नाव तिला देण्यात आले. तेथील कपड्यांचा बाजार सर्व दिल्लीत प्रसिद्ध आहे. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, शनिवारी सायंकाळी, दिवाळी अगदी तोंडावर आली असताना हा बाजार गिऱ्हाइकांनी फुलून गेला होता. त्या गर्दीत एका पिशवीत बाँब दडवून ठेवलेला होता. त्याचा स्फोट झाला. त्याच सायंकाळी पहाडगंज व गोविंदपुरी येथेही स्फोट झाले. तिन्ही ठिकाणी मिळून साठांहून अधिक माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील सर्वांत अधिक बळी सरोजिनी नगरातील होते.

या दुर्घटनेतून एक प्रश्न उभा राहतो. त्या सायंकाळी त्याच जागी एखादा नाग फणा काढून बसला असता, तर काय झाले असते? क्षणार्धात लोक मागे सरले असते, मुलांना उचलून घेतले गेले असते आणि काही हात रुंदीची जागा मोकळी झाली असती. एका नागाने फार तर एकदोघांना दंश केला असता. परंतु ज्या पिशवीत अनेकांचा मृत्यू भरलेला होता, तिच्याकडे पाहून कोणाच्याही अंगावर आपोआप शहारा येण्याचे कारण नव्हते. मोठे संकट डोळ्यांना दिसत असूनही मन स्वस्थ राहते आणि लहान संकटाने मात्र अंगाला कंप सुटतो, असे का व्हावे? मानवाच्या भीतीचा उगम कोठे आहे, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

भीती शरीरात काय करते

भीती ही दुर्बलतेची खूण आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहता ती शरीराच्या संरक्षणाची एक सुसज्ज योजना आहे. मेंदूच्या खालच्या भागात, दोन्ही बाजूंस, बदामाच्या आकाराचा मज्जापेशींचा एकेक लहानसा पुंज असतो. त्याला अमिग्डला असे म्हणतात. डोळ्यांनी वा कानांनी धोक्याची चाहूल दिली की हा पुंज जागृत होतो आणि त्याचा संदेश निरनिराळ्या अवयवांकडे जातो. मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलीन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, त्वचेतील व आतड्यांतील रक्त स्नायूंकडे वळते. भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो व पोटात गोळा येतो, त्याचे कारण हेच होय. शरीर पळण्यास किंवा झुंजण्यास सिद्ध होते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९१५ च्या सुमारास या सिद्धतेचे वर्णन प्रथम नीट मांडले.

ही यंत्रणा विचाराची वाट पाहत नाही. मोठा आवाज झाल्यास सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात पापण्या मिटतात. आवाज कशाचा, हे मनाला नंतर कळते. चार्ल्स डार्विनने स्वतःवरच याची परीक्षा घेतली होती. १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या, भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात त्याने ही हकीकत सांगितली आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी आफ्रिकी सापाच्या पिंजऱ्याच्या जाड काचेला त्याने तोंड लावले आणि साप अंगावर आला तरी मागे सरावयाचे नाही, असा निश्चय केला. सापाने काचेवर झडप घातली, त्यासरशी हा निश्चय वाऱ्यावर उडून गेला आणि डार्विन एकदोन यार्ड मागे फेकल्यासारखा सरला. काच भक्कम आहे, हे त्याची बुद्धी पुरते जाणत होती. त्याच्या पायांनी मात्र बुद्धीला विचारले नाही.

पूर्वजांचे शत्रू

आज माणूस सर्व प्राण्यांवर सत्ता गाजवतो. पण त्याच्या वंशाच्या इतिहासातील फार मोठा काळ तो इतरांचे भक्ष्य होता. दक्षिण आफ्रिकेत टाउंग येथे १९२४ साली मानवपूर्व वंशातील एका बालकाची कवटी सापडली. ते बालक वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी जगले. पुढे त्या कवटीच्या सूक्ष्म तपासणीत डोळ्यांच्या खोबणींजवळ जे व्रण आढळले, ते मोठ्या गरुडाने पकडलेल्या माकडांच्या कवट्यांवरील व्रणांशी जुळतात. त्याच देशातील स्वार्टक्रान्स येथील गुहेत मिळालेल्या एका कवटीला दोन छिद्रे आहेत आणि त्यांमधील अंतर बिबट्याच्या खालच्या दोन सुळ्यांमधील अंतराशी बरोबर मिळते.

आकाशातून गरुड, झाडीतून बिबट्या आणि गवतातून साप अशा शत्रूंमध्ये ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यात नैसर्गिक निवडीचा नियम कसा चालला असेल, याची कल्पना करता येते. गवतातील हालचालीकडे ज्याचे लक्ष लवकर गेले, तो वाचला आणि त्याला मुले झाली; ज्याचे गेले नाही, त्याचा वंश तेथेच खुंटला. असे लक्षावधी वर्षे चालले. आज जिवंत असलेला प्रत्येक माणूस वेळीच घाबरलेल्या पूर्वजांचा वंशज आहे.

दोरी आणि साप

अंधारात पडलेल्या दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दृष्टांत आपल्या वेदान्तग्रंथांत वारंवार येतो. तेथे तो भ्रमाचे उदाहरण म्हणून दिलेला असतो. उत्क्रांतीच्या दृष्टीने मात्र या भ्रमातही एक हिशेब आहे. दोरीला साप समजून जो दचकला, त्याचे नुकसान काय? थोडी धाप आणि चारचौघांचे हसू. सापाला दोरी समजून ज्याने हात घातला, त्याचे नुकसान जिवाचे. एका चुकीची किंमत कवडीची व दुसरीची प्राणाची असेल, तर पहिली चूक शंभर वेळा करूनही माणूस फायद्यातच राहतो. म्हणूनच निसर्गाने भीतीची यंत्रणा किंचित उतावळी ठेवली आहे. 'साप साप म्हणून भुई धोपटणे' ही खोड माणसाच्या अंगी इतकी खोल का मुरली आहे, याचा उलगडा येथे होतो.

भारतातून गेलेली माकडे

येथवरचे विवेचन वाचून असे वाटेल की, सापाची भीती माणसाला जन्मतःच तयार मिळते. पण वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. तिचा शोध ज्या प्राण्यामुळे लागला, तो दिल्लीकरांच्या नित्य परिचयाचा आहे. राजधानीच्या रस्त्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या सज्जांवर आणि घरांच्या गच्च्यांवर हिंडणारे लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड, हाच तो प्राणी. याच माकडांना पिटाळण्यासाठी दिल्लीत काळ्या तोंडाची वानरे पाळली जात. ती प्रथा कायद्याने थांबल्यावर वानरांचे आवाज काढणारी माणसे नेमण्यात आली आणि २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी वानरांची रंगवलेली चित्रे जागोजागी उभी करण्यात आली.

१९७८ साली निर्यातबंदी होईपर्यंत भारतातून अशी माकडे परदेशी प्रयोगशाळांत मोठ्या संख्येने पाठवली जात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात अशी काही माकडे होती. रानात जन्मलेली आणि मग वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेली ही माकडे साप दिसताच किंचाळत मागे सरत. खेळण्यातला सापही त्यांना सहन होत नसे. प्रयोगशाळेतच जन्मलेली त्यांची पिले मात्र सापाजवळून निर्धास्तपणे हात पुढे करून खाऊ उचलत. मानसशास्त्रज्ञ सुसन मिनेका व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली हा फरक दाखवून दिला. सापाची भीती जर रक्तातूनच तयार येत असेल, तर पिलांना ती का नसावी?

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पुढचे पाऊल टाकण्यात आले. प्रयोगशाळेत वाढलेल्या सहा तरुण माकडांना, त्यांचे आईबाप सापाला पाहून कसे घाबरतात, एवढेच पाहू देण्यात आले. सापाने कोणालाही दंश केला नाही, कोणाला इजा झाली नाही. तरीही सहांपैकी पाच माकडे अल्पावधीतच सापाला तितकीच भिऊ लागली आणि तीन महिन्यांनी पाहिले तेव्हाही ती भीती टिकून होती.

सर्वांत उद्बोधक प्रयोग यानंतरचा आहे. मायकेल कुक व मिनेका यांनी घाबरलेल्या माकडांची चित्रफीत घेतली आणि तिची अशी जुळणी केली की, एका फितीत माकड सापाला भीत आहे असे दिसावे आणि दुसरीत तेच माकड, त्याच हावभावांसह, फुलांना भीत आहे असे दिसावे. भीतीचे दर्शन दोन्हीकडे सारखेच होते. पण पाहणारी माकडे सापाला भिण्यास शिकली, फुलांना भिण्यास शिकली नाहीत. खेळण्यातली मगर आणि खेळण्यातला ससा यांच्या बाबतीतही असेच घडले: मगरीची भीती लागली, सशाची लागली नाही.

या प्रयोगांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वारसा मिळतो तो तयार भीतीचा नव्हे, तर काही भीती चटकन शिकण्याच्या पात्रतेचा. जमीन जणू आधीच नांगरून ठेवलेली असते. बी मात्र अनुभवाने किंवा वडीलधाऱ्यांच्या मुद्रेने पडते. फुलांच्या भीतीसाठी अशी नांगरट झालेली नाही, कारण फुलांनी आपल्या पूर्वजांना मारले नाही.

मूल आणि कडा

माणसाच्या मुलांतही हाच प्रकार आढळतो. नवजात अर्भकाला सापाचे वा अंधाराचे भय नसते. मोठ्या आवाजाने आणि अंगाखालचा आधार एकाएकी सुटल्याने मात्र ते दचकते. अशा वेळी ते दोन्ही हात पसरून पुन्हा छातीशी घेते, जणू कोणाला तरी बिलगू पाहते. १९१८ साली ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो याने या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. ज्या काळी पिलू आईच्या केसांना धरून फांद्यांवरून फिरत असे, त्या काळाची ही आठवण असावी असे मानले जाते.

१९६० साली एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनी मुलांना उंचीचे भय वाटते काय, याची परीक्षा घेतली. एका टेबलावर जाड काच बसवून तिच्या अर्ध्या भागाखाली लगेच फळी व उरलेल्या अर्ध्या भागाखाली खोल पोकळी दिसेल, अशी रचना त्यांनी केली. सहा ते चौदा महिन्यांची मुले मधल्या पट्टीवर ठेवली व दोन्ही बाजूंनी आईने त्यांना बोलावले. पट्टीवरून पुढे सरकलेल्या सत्तावीस मुलांपैकी फक्त तीन मुले खोल बाजूवर गेली. पुढील संशोधकांनी यात भर घातली ती अशी की, जी मुले अद्याप रांगू लागलेली नाहीत, त्यांना पोकळी दिसते, पण तिचे भय वाटत नाही; काही आठवडे रांगल्यानंतर ते भय उत्पन्न होते. मूल स्वतःच्या हातापायांवर हिंडू लागले, पडण्याचा संभव निर्माण झाला, की नांगरलेल्या जमिनीत बी रुजते.

सापासंबंधीही जूडी डीलोश व व्हनेसा लोब्यू यांनी २००९ साली असाच प्रयोग केला. सात ते अठरा महिन्यांच्या मुलांना सापाची आणि इतर प्राण्यांची चलच्चित्रे दाखवताना कधी आनंदी, तर कधी भ्यालेला मानवी आवाज ऐकवण्यात आला. भ्यालेला आवाज कानी पडला की मुले हलणाऱ्या सापाकडे अधिक वेळ पाहत राहत. ती घाबरली नव्हती. पण 'हा आवाज या आकाराचा आहे' असा मेळ त्यांच्या मनाने जमवलेला होता.

अंधार

अंधाराचे भय बहुतेक सर्व मुलांत दिसते. दिवसा उत्तम पाहणारा माणूस रात्री जवळजवळ आंधळा होतो, आणि सिंह व बिबटे याच वेळी शिकार करतात. टांझानियात सिंहांनी १९८८ ते २००९ या काळात माणसांवर केलेल्या सुमारे एक हजार हल्ल्यांचा अभ्यास झाला आहे. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, सूर्यास्तानंतर चंद्र उगवण्यापूर्वीच्या अंधाऱ्या तासांत हे हल्ले सर्वाधिक होतात, असे त्यात आढळले. महाराष्ट्रातही जुन्नरसारख्या भागात उसाच्या शेतांलगत राहणाऱ्या कुटुंबांना बिबट्यांमुळे हे भय आजही खरेच आहे.

पण जेथे बिबट्या नाही, तेथेही अंधाराचे भय सुटत नाही. मे २००१ मध्ये दिल्ली व गाझियाबाद येथे 'काळे माकड' नावाच्या एका अद्भुत प्राण्याची वार्ता पसरली. कडक उन्हाळा होता, वीज वारंवार जात होती आणि लोक गच्च्यांवर झोपत होते. रात्री कोणीतरी ओरडे आणि सारी गल्ली जागी होई. पोलिसांकडे शेकडो तक्रारी आल्या. अंधारात घाबरून पळताना काही जण उंचावरून पडून मरण पावले. तज्ज्ञांनी चौकशी केली, तेव्हा असा कोणताही प्राणी आढळला नाही. लोकांना मारले ते त्यांच्याच भीतीने. एकाचा भ्यालेला आवाज दुसऱ्याने ऐकला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. विस्कॉन्सिनच्या माकडांप्रमाणेच माणसेही एकमेकांकडून भय शिकली. फरक एवढाच की, माकडांपुढे निदान साप तरी होता.

ज्यांचे भय वाटत नाही अशी संकटे

मानवाने शेती सुरू केली त्याला दहाबारा हजार वर्षे झाली आणि मोटारगाडीला तर दीडशे वर्षेही झालेली नाहीत. नैसर्गिक निवडीच्या मानाने हा काळ फारच अल्प आहे. परिणामी भीतीची यंत्रणा रानातली आणि आयुष्य शहरातले, अशी विसंगती निर्माण झाली आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे सरकारी आकडे सांगतात. तरीही धावत्या मोटारीचे चित्र पाहून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. विजेच्या उघड्या तारेकडे मूल कुतूहलानेच हात नेते.

मात्र जुनी भीती सर्वस्वी कालबाह्य झाली, असेही म्हणता येत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांत झाले. येथे केवळ भीती उपयोगी पडत नाही. भ्यालेला माणूस उंदीर खाणाऱ्या निरुपद्रवी धामणीलाही ठेचतो, आणि दंश झालेल्यास मांत्रिकाकडे नेऊन मोलाचा वेळ दवडतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांना ओळखणे, रात्री पायात जोडा व हातात दिवा घेऊन चालणे आणि दंश होताच रुग्णालय गाठून सर्पविषावरील प्रतिविष घेणे, हे उपजत भीती शिकवत नाही. ते ज्ञान शिकवते.

मिनेका व कुक यांच्या आणखी एका प्रयोगाचा उल्लेख येथे केला पाहिजे. ज्या माकडांनी आधी निर्भय सोबत्यांना सापाजवळ शांत असलेले पाहिले होते, त्यांतील बहुतेकांना नंतर भ्यालेली माकडे पाहूनही सापाची भीती जडली नाही. देवीची लस टोचावी तसा हा प्रकार होय. वडीलधाऱ्यांच्या आरडाओरड्याने जशी भीती मुलांत उतरते, तसाच त्यांच्या शांतपणाने धीरही उतरतो. घरात व शाळेत मुलांना वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

शिकवलेली भीती

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. नागाने आपल्या पूर्वजांना लक्षावधी वर्षे मारले, म्हणून त्याची आकृती मनात चटकन रुजते. बेवारस पिशवीने त्यांना कधीच मारले नव्हते. तिचे भय उत्क्रांती देऊ शकत नाही. ते माणसांनी एकमेकांना शब्दांनीच द्यावे लागते. मे १९८५ मध्ये दिल्लीत व आसपास ट्रान्झिस्टर रेडिओंत दडवलेल्या बाँबांचे स्फोट झाल्यापासून, अनोळखी वस्तूला हात लावू नये व पोलिसांना कळवावे, ही सूचना त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जात आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. पण दुसऱ्याचे तोंड पोळलेले ऐकून सावध होणे, हे भाषा असलेल्या प्राण्यालाच साधते.

२९ ऑक्टोबर २००५ च्या त्याच सायंकाळी, गोविंदपुरीत एका बसमध्ये अशीच एक बेवारस पिशवी आढळली. त्या पिशवीत डोळ्यांना भिववील असे काहीच नव्हते. तरीही ती संशयास्पद आहे हे ओळखले गेले, कारण ते लोकांना शिकवलेले होते. प्रवाशांना बसमधून उतरवण्यात आले. अशा वेळी शरीरातील जुनी यंत्रणा एकच आज्ञा देते, ती म्हणजे पळण्याची. बसच्या चालकाने ती मानली नाही. त्याने पिशवी बसबाहेर काढली. स्फोटात त्याची दृष्टी गेली; प्रवासी मात्र वाचले. धोका ओळखणे आणि धोक्यासमोर पाय रोवून उभे राहणे, या दोन्ही गोष्टी त्याला रानातील पूर्वजांकडून तयार मिळालेल्या नव्हत्या. भीतीचा वारसा जन्माने मिळतो. कशाला भ्यावे आणि केव्हा भिऊ नये, हे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते.